ॲसिड घातलं की उतरतो, चार दिवसांत परत चढतो: ॲक्वापोनिक्सचा पीएच आणि बेडमधली खडी

सोमवारी ॲसिड घालून पीएच ७ वर आणायचा. बुधवारी बघावं तर ७.४, शुक्रवारी परत ७.९. पालकाची नवी पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. मासे सकाळी पंपाच्या धारेखाली गोळा झालेले. ॲक्वापोनिक्समधला, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी खडी भरलेल्या बेडमधून फिरवून त्यावर भाजी वाढवण्याच्या पद्धतीतला, हा प्रकार मी आजवर पाच वेळा निस्तरला आहे: दोनदा आमच्याच परसात, एकदा नणंदेच्या गच्चीवर आणि दोनदा ओळखीच्यांकडे. पाचपैकी चार वेळा दोष बेडमध्ये भरलेल्या खडीत निघाला, एकदा सिमेंटच्या हौदात.

आमचं घर दौंडच्या बाजूला, भीमेपासून फार लांब नाही. इकडे बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. त्यामुळे पीएच चढला की सगळे पहिला संशय बोअरवर घेतात. मीही घेतला होता आणि त्या नादात एक अख्खा हिवाळा वाया घालवला. खालचा क्रम त्यातूनच ठरला आहे. आधी फुकटात होणारी तपासणी, मग पन्नास-साठ रुपयांची, आणि बेड उपसायचं काम अगदी शेवटी.

लक्षणं

ही सगळी एकदम दिसतीलच असं नाही, पण तीन-चार जुळली तर पुढे वाचा.

- ॲसिड घातल्यावर पीएच उतरतो आणि दोन ते पाच दिवसांत जवळपास त्याच आकड्यावर परत येतो. बहुतेक वेळा ७.६ ते ८.२ च्या मध्ये कुठेतरी.
- पीएच तिथल्या तिथे, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मात्र दर आठवड्याला वाढतच जातो.
- सिस्टिम सहा महिन्यांची झाली, माशांना रोज खाद्य जातं, नायट्रेटही दिसतं, तरी पीएच आपोआप कधीच खाली आलेला नाही.
- कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक. ही लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती.
- पाइपच्या तोंडाशी आणि बेल सायफनच्या (भरलेल्या बेडमधलं पाणी आपोआप टाकीत सोडणारी नळी) कडेला पांढरा खरखरीत थर बसतो.

यातलं तिसरं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात तेव्हा आम्ल तयार होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल मारायची ताकद, खर्ची पडते. म्हणजे चालत्या सिस्टिमचा पीएच हळूहळू घसरायलाच हवा. व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी जी मोठी ॲक्वापोनिक्स सिस्टिम चालवली, तिथे पीएच ७ च्या आसपास टिकवायला आलटून पालटून कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालावं लागायचं. त्यांना पीएच वाढवायची चिंता आणि आपल्याला उतरवायची! तुमचा पीएच सहा महिन्यांत एकदाही खाली आला नसेल तर पाण्यात कुठून तरी चुना मिसळतोय. तो कुठून, एवढंच शोधायचं.

आणि हे नुसतं पानांच्या रंगापुरतं नाही. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग माशांना विषारी अशा रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. अमोनियाच्या किटचा रंग तोच दिसतो, पण विष दहापट झालेलं असतं.

१. आधी मीटरवर विश्वास ठेवू नका

पेनसारखा स्वस्त पीएच मीटर दोन महिने ड्रॉवरमध्ये कोरडा पडला की काहीही आकडे दाखवतो. ४ आणि ६.८६ च्या बफर पुड्या मिळतात, त्यांनी कॅलिब्रेट करा. पुड्या नसतील तर मत्स्यालयाच्या दुकानातलं थेंबांचं किट आणा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. एका ओळखीच्या काकांनी तीन लिटर ॲसिड संपवल्यावर मला बोलावलं होतं. त्यांच्याकडे दोष खडीत होताच, पण मीटरसुद्धा ०.६ ने जास्त दाखवत होता, म्हणजे अर्धी लढाई आकड्याशीच चाललेली.

मोजायची वेळही एकच ठेवा. टाकीत हिरवं शेवाळ असेल तर दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी चारला पीएच सकाळपेक्षा बराच चढलेला दिसतो. मी रोज सकाळी सातला, खाद्य घालायच्या आधी मोजते.

२. कोणतं ॲसिड घालताय?

व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घालून पीएच उतरवत असाल तर तो परत चढणारच, खडी कितीही चांगली असो. ही दोन्ही सेंद्रिय आम्लं जिवाणू खाऊन टाकतात आणि क्षारता होती तिथे परत येते. शिवाय पाण्यातला प्राणवायू त्यात खर्च होतो तो वेगळाच.

हायड्रोक्लोरिक किंवा फॉस्फरिक घालत असाल तरी लगेचचा आकडा खरा धरू नका. ॲसिड आणि पाण्यातलं बायकार्बोनेट यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात आहे तोवर पीएच खोटा खाली दिसतो. हवेच्या पंपाने तो उडून गेला की आकडा थोडा वर सरकतो. म्हणून २४ तास थांबून मोजायचं. पहिल्या दिवसाची थोडी चढण साहजिक आहे. चौथ्या-पाचव्या दिवशीही चढतच असेल तर पुढे जा.

३. टाकीत आणि बेडमध्ये आपणच काय काय टाकलंय ते आठवा

हे विचारलं की लोक आधी "काहीच नाही" म्हणतात आणि मग एकेक निघतं. टोमॅटोला कॅल्शियम म्हणून अंड्याची टरफलं. शोभेला तारकर्लीहून आणलेले शिंपले. माशांना लपायला सिमेंटच्या पाइपचा तुकडा. नणंदेकडे तर बेडच्या तळाशी जुन्या भिंतीच्या विटा होत्या, सिमेंटचा गिलावा चिकटलेल्या. हे सगळं चुन्याचंच नातलग. काढता येईल ते काढा आणि आठवडाभर बघा. याला एक पैसा लागत नाही.

मासे नव्या सिमेंटच्या हौदात असतील तर हौदावरही संशय घ्या. नवं सिमेंट कित्येक आठवडे चुना सोडत राहतं. हौद असा असेल तर आतून तळ्याचं प्लास्टिक किंवा पिण्याच्या पाण्याला चालणारा इपॉक्सी लावून घेणं हाच उपाय. माझ्या पाचांतली एक केस हीच होती आणि तिथे मी खडीला उगाच बोल लावत दोन रविवार घालवले.

४. व्हिनेगरचा थेंब

आता खडी. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर पुरतं. बेडच्या वरून, मधून आणि तळातून मिळून तीस-चाळीस खडे काढा. ब्रशने घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. वरचा शेवाळाचा थर राहिला किंवा खडा ओला असला तर फसगत होते. मग काचेच्या वाटीत ठेवून वर व्हिनेगर ओता.

चुना असेल तर बुडबुडे येतात. कधी भरभरून येतात, कधी इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. मी वाटी कानाशी धरते. सोड्याच्या बाटलीचं झाकण किंचित सैल केल्यावर येतो तसा बारीक फस्स आवाज येत राहतो. सासूबाईंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा विचारलं होतं, "दगडांचं लोणचं घालतेस की काय?" आता त्या स्वतःच वाटी कानाला लावतात.

कोरड्या दगडाच्या भोकांतून हवा निघते तेव्हाही दोन-चार बुडबुडे येतात. ते क्षणात थांबतात. चुन्याचे मिनिट-दोन मिनिटं येतच राहतात. शंका असेल तर खडा हातोडीने फोडून त्याच्या भुकटीवर थेंब टाका. डोलोमाइटसारखा दगड अख्खा असताना गप्प राहतो, भुकटी केली की बोलतो.

तीस-चाळीस खडे कशासाठी, तर आपल्याकडच्या खडीची गंमत अशी आहे की ती एकसारखी नसते. ती जिथून आली त्याप्रमाणे काय शोधायचं ते बदलतं.

*क्रशरची काळी खडी.* दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. मुळात याच्यात चुनखडी नसते आणि बेडसाठी याच्यासारखं स्वस्त, टिकाऊ माध्यम महाराष्ट्रात दुसरं नाही. पण काही खाणींमधला दगड जाळीदार असतो. लाव्हा थंड होताना राहिलेल्या वायूच्या पोकळ्या नंतर पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. त्यातलं बरंचसं झिओलाइट. ते निरुपद्रवी, उलट थोडा अमोनिया धरून ठेवणारं. पण त्याच पोकळ्यांमध्ये कॅल्साइटही असतं आणि कॅल्साइट म्हणजे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. नुसत्या नजरेला दोन्ही पांढरी. व्हिनेगर लगेच फरक सांगतं. माझ्या दुसऱ्या वेळच्या गोंधळाचं कारण हेच होतं. "काळी खडी आहे म्हणजे काळजी नाही" असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होते, आणि माझ्याच बेडमधल्या दर दहा खड्यांमागे दोघांना पांढरे डोळे होते.

*नदीचे गोटे.* दिसायला सुरेख, हाताला गुळगुळीत, झाडं लावताना बोटं सोलवटत नाहीत. पण भीमा, प्रवरा, गोदावरीच्या काठच्या गाळात चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. शेतकऱ्याला चुनखडीचं रान म्हटलं की जे आठवतं तेच हे. मळकट पांढरे, वेडेवाकडे, आल्याच्या गाठीसारखे. गोट्यांत गोगलगायींचे शंखही असतात. आणखी एक, नदीतून हे उचलणं परवान्याशिवाय करता येत नाही, ते गौण खनिजात मोडतं.

*पांढऱ्या चिप्स.* नर्सरीत कुंड्यांवर पसरायला मिळतात त्या. बहुतेक संगमरवर. माझी पहिली सिस्टिम मी यांनीच भरली होती, पांढऱ्यावर हिरवं छान दिसतं म्हणून! पूर्ण बेड चुन्याचा. ॲसिड घालत राहिले की खडी तेवढी विरघळत राहायची, टीडीएस वाढायचा आणि पीएच जागच्या जागी. पांढरा स्वच्छ गारगोटीचा खडा मात्र चालतो. तो काचेवर ओरखडा काढतो, संगमरवर काढत नाही.

*विटांचे तुकडे.* नव्या, पक्क्या भाजलेल्या, वाजवल्यावर खणखणीत आवाज देणाऱ्या विटांचे असतील तर चालतात. पण विटेच्या मातीत चुनखडीचे कण असले तर भट्टीत त्यांचा चुना होतो, आणि पाणी लागलं की तो फुगून विटेचे टवके उडवतो. तुकडे आठवडाभर पाण्यात ठेवा. टवके उडाले तर फेका.

*जांभा.* कोकणातल्या वाचकांसाठी: चुन्याची भीती जवळपास नाही, पण तो झिजतो आणि लाल गाळ सायफनमध्ये जाऊन बसतो. मी वापरणार नाही.

*भाजलेल्या मातीच्या गोळ्या.* हलक्या, सच्छिद्र, हाताळायला सोप्या आणि खडीच्या मानाने फारच महाग. सुरुवातीला तरंगतात, म्हणून आधी दिवसभर भिजवून ठेवायच्या.

थेंबाची परीक्षा झाल्यावर मोजा. चाळीस खड्यांतला एखादाच फसफसला तर घाबरू नका, पाचव्या तपासणीकडे जा. पाच-सहा किंवा जास्त फसफसले तर आरोपी सापडला, तरी बेड उपसायच्या आधी पाचवी तपासणी कराच. ती फुकट आहे आणि उपसणं म्हणजे कंबर मोडणं आहे.

५. तीन बादल्या

बोअर आणि खडी यांच्यातलं भांडण इथे मिटतं. तीन सारख्या बादल्या घ्या.

पहिलीत फक्त बोअरचं पाणी. दुसरीत अर्धी बादली धुतलेली खडी आणि तेच बोअरचं पाणी. तिसरीत तशीच अर्धी बादली खडी आणि पावसाचं किंवा आरओचं पाणी. तिन्हींत मत्स्यालयाचा हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ढवळा. पहिल्या दोन बादल्यांमध्ये पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब थेंब घालून पीएच ६.५ वर आणा. इथे व्हिनेगर नको, कारण वर सांगितलंच. तिसरीत ॲसिड घालायचं नाही, तिचा फक्त टीडीएस मोजायचा.

रोज सकाळी आकडे लिहा, सात दिवस.

- पहिली बादली पहिल्या दिवशी थोडी चढून थांबली आणि दुसरी रोज चढतच राहिली, तर दोष खडीचा.
- दोन्ही सारख्याच चढल्या आणि सारख्याच थांबल्या, तर दोष पाण्याचा.
- तिसरीतला टीडीएस सात दिवसांत कितीतरी पट झाला, तर खडी विरघळतेय. आमच्या पांढऱ्या डोळ्यांच्या खडीने तो १८ वरून १४० वर नेला होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या खाणीच्या स्वच्छ काळ्या खडीत तो ३० च्या पुढे गेला नाही.

तिसऱ्या बादलीच्या पीएचकडे फार बघू नका. आरओच्या पाण्यात धरून ठेवायला काहीच नसतं, त्यामुळे पीएच मीटर तिथे इकडून तिकडे नाचत राहतो.

६. दोष पाण्याचा निघाला तर

मग खडीला हात लावू नका. मत्स्यालयाच्या दुकानात केएचचं किट मिळतं, त्याने बोअरच्या पाण्याची क्षारता मोजा. टीडीएसवरून क्षारता कळत नाही. पाणी खारट असून क्षारता कमी असू शकते. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी रोज जड पाणी भरत राहिलात तर क्षार साठत जातात. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवून ते निम्मं मिसळणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. नसेल जमत तर वेगळ्या ड्रममध्ये बोअरचं पाणी भरा, ॲसिड त्या ड्रममध्ये घाला, दिवसभर हवा सोडा आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकीत घ्या. माशांच्या टाकीत थेट ॲसिड ओतू नका. पीएच एकदम बदलला की मासे तगले तरी आजारी पडू शकतात, म्हणून दिवसाला ०.२-०.३ पेक्षा जास्त उतरवू नका.

ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे, चष्मा. आणि बाथरूममधलं ब्लीच त्या आसपास नको, दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो.

७. दोष खडीचा निघाला तर

"खडी ॲसिडमध्ये भिजवून चुना काढून टाकू का?" हे प्रत्येक जण विचारतो. संगमरवर किंवा चुनखडी असेल तर त्याला अर्थ नाही, दगड संपेपर्यंत चुना संपणार नाही. काळ्या खडीत मोजकेच पांढरे डोळे असतील तर जोरदार ॲसिडमध्ये वरचं कॅल्साइट जातं, पण शेकडो किलो खडीला लागणारं ॲसिड आणि ते नंतर ओतायचं कुठे हा प्रश्न बघता नवी खडी स्वस्त पडते. मी एकदा करून पाहिलं. घमेल्याचा पत्रा खाल्ला गेला आणि मी खोकत बसले.

लगेच बदलणं जमणार नसेल तर झाडांना तगवायला लोह द्या. पण हिराकस (फेरस सल्फेट) नको, या पीएचला त्यातलं लोह लगेच गंजून तळाशी बसतं. लोहाला विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या रसायनासोबतचं लोह मिळतं, ते घ्या. ईडीटीए स्वरूपातलं लोह साडेसहाच्या पुढे टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत कसंबसं. ईडीडीएचए स्वरूपातलं मागा. सहा टक्के लोहाचं असेल तर १००० लिटर पाण्याला साधारण ३३ ग्रॅम, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम लोह. पाणी लालभडक होतं, घाबरू नका, मासे ठीक राहतात.

आता उपसणं. सगळी खडी एका रविवारी काढून टाकायची नाही. अमोनिया खाणारे जिवाणू त्या खडीच्या पृष्ठभागावरच बसलेले असतात. खडी गेली की तेही गेले. नवे बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच, आणि तोवर मासे स्वतःच्याच अमोनियात. म्हणून एका वेळी एक बेड, पुढचा तीन आठवड्यांनी. एकच बेड असेल तर मध्ये फळी लावून अर्धा. जुनी खडी कांद्याच्या जाळीदार गोणीत भरून नव्या बेडमध्ये आणि टाकीत लटकवा. जिवाणू तिथून नव्या दगडावर पसरतात आणि महिन्या-दीड महिन्याने गोणी उचलून बाहेर काढता येते. या काळात माशांचं खाद्य निम्मं करा आणि अमोनिया व नायट्राइट रोज मोजा.

अशीच चुनखडीच्या खड्यांची छोटी पिशवी काही जण मुद्दाम टाकीत ठेवतात, जुन्या सिस्टिमचा पीएच फार घसरू नये म्हणून. ते योग्यच आहे. पिशवी हवी तेव्हा उचलता येते, साडेतीनशे किलोचा बेड उचलता येत नाही.

नवी खडी आणताना

खाणीवर किंवा क्रशरवर जाताना खिशात व्हिनेगरची बाटली ठेवा. ढिगाच्या चार बाजूंनी मूठभर खडी उचला आणि तिथेच थेंब टाका. क्रशरवरची माणसं हसतात, हसू द्या. मागताना "पाऊण इंची, कच नको" एवढं सांगितलं की कळतं. मी १२ ते २० मिलिमीटरच्या मधली घेते. याहून बारीक घेतली तर मुळं आणि विष्ठा मिळून बेड तुंबतो, जाड घेतली तर रोपं उभी राहत नाहीत आणि जिवाणूंना जागा कमी मिळते.

चार बाय दोन फुटांचा, एक फूट खोल बेड म्हणजे आठ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा एवढ्याशा मालासाठी ट्रॅक्टर येणार नाही. छोटा टेम्पो किंवा पोती.

धुणं हा कंटाळवाणा भाग आणि इथेच सगळे घाई करतात. क्रशरची भुकटी बेडच्या तळाशी बसते, ओली होऊन सिमेंटसारखी घट्ट होते, तिथे हवा पोचत नाही आणि सहा महिन्यांनी बेड उकरला की सडक्या अंड्याचा वास येतो. भाजीवाल्यांचा भोकाचा क्रेट घ्या, अर्धा भरा, पाइपची धार सोडा आणि क्रेट हलवत राहा. आठ घनफुटांचे असे बरेच क्रेट होतात, माणूस लावा किंवा मुलांना आइस्क्रीमचं आमिष. झालं की नाही ते असं ओळखायचं: मूठभर खडी काचेच्या बरणीत घालून पाणी भरायचं, जोरात हलवायची. मिनिटभराने बरणीच्या पलीकडे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला पाहिजे. पाण्यावर तेलकट रंग दिसला तर तो यंत्राचा डिझेल-ग्रीसचा, ती खडी परत करा. धुण्याचं पाणी गटारात सोडू नका, भुकटीने गटार तुंबतं. मी ते नारळाच्या आळ्यात सोडते.

भरताना सायफनभोवती भोकं पाडलेला चार इंची पाइप उभा करा, म्हणजे पुढे खडी न उपसता सायफन काढता येतो. आणि वरचे दोन इंच कोरडे राहतील अशी पाण्याची पातळी ठेवा. ते दोन इंच भिजत राहिले की वर शेवाळ धरतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

*गच्ची.* आठ घनफूट खडीचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, वर बेड भरला की नव्वदेक लिटर पाणी. म्हणजे आठ चौरस फुटांवर साडेचारशे किलो, चौरस मीटरला सहाशे. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलोचा असतो. नणंदेच्या गच्चीवर मी खडी बदलायला गेले आणि बेडखालच्या छताला खोलीच्या आतून एक बारीक भेग दिसली. तिथेच हात थांबवले, मासे ड्रममध्ये हलवले आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्याने बेड तुळईवर, भिंतीच्या कडेला घ्यायला लावला आणि खडीच्या जागी मातीच्या गोळ्या. पैसे जास्त गेले. "माझ्या घराला काही होत नाही" असं म्हणून हा निर्णय स्वतः घेऊ नका.

*वीज.* पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पहिल्यांदा मेन स्विच बंद. पंप बाहेर काढायचा तो त्यानंतर. वायरमन येऊन अर्थिंग आणि गळतीचा ब्रेकर बघून जाईपर्यंत सिस्टिमला हात लावायचा नाही.

*मासे मरू लागले तर.* दिवसात एकाहून जास्त मेले, किंवा अंगावर फोड, पांढरे ठिपके, रक्ताळलेले कल्ले दिसले, तर पीएचचा खेळ बंद. खाद्य बंद, हवा जोरात, पाव टाकी पाणी बदला. पण अमोनिया जास्त असेल तर आधी नव्या पाण्याचा पीएच बघा, तो टाकीपेक्षा जास्त असेल तर पाणी बदलणंच विषारी ठरेल. मग मत्स्यतज्ज्ञाला फोन.

*पाणी.* तीन बादल्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं आणि केएच किटचे थेंब कितीही घातले तरी रंग बदलतच नसेल, तर बोअरचं पाणी प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. काही कृषी विज्ञान केंद्रांतही ती सोय असते. क्षारता, कठीणपणा आणि सोडियम तिन्ही मागून घ्या. सोडियम जास्त निघालं तर ॲसिड घालून काही होणार नाही, ते पाणी या कामासाठी सोडून द्यायचं.

आमच्या परसातला बेड आता दुसऱ्या खाणीच्या खडीवर आहे. आज सकाळी पीएच ६.९ होता. टीडीएस मार्चपासून जवळपास हललेला नाही. जुनी पांढऱ्या डोळ्यांची खडी गेटपाशी चिखलात टाकली आहे, तिथे तिचा उत्तम उपयोग होतोय.